तानुबाईची पिवळी जोडी

धाडच्या तानुबाईच्या नवऱ्यानं दुसरी बायको आणली तेव्हा तानुबाई रडली नाही की भांडली नाही. सवतीला तिनं चूल दाखवली, पाण्याचा रांजण दाखवला, दूध चोरणारी म्हैस कशी पान्हवायची ते दाखवलं आणि तिसऱ्या दिवशी गाठोडं काखेत मारून बुलढाण्याच्या मोटारीत बसली. गाव म्हणालं, बाई थंड रक्ताची आहे. गावाला काय कळतं! जो माणूस मनातून उतरला त्याच्यासाठी जीव कशाला जाळायचा, एवढंच तिचं म्हणणं होतं. जीव जळतो म्हणजे काय होतं, ते तिला पुढं बारा वर्षांनी कळलं. आणि तेही कोण्या माणसापायी नाही, बोटाएवढ्या दोन पाखरांपायी.

बुलढाणा उंचावर. खाली मलकापुरात माणसं भाजून निघतात तेव्हा इथं पहाटे अंगावर चादर ओढावी लागते. म्हणून टेकडीवर साहेब लोकांचे बंगले, आणि म्हणूनच त्यातल्या एका बंगल्यात मुंबईहून आणलेली कॅनरीची जोडी टिकली. बंगला पारशी इंजिनिअरचा होता. पाच-सहा वर्षं इतर घरची कामं करून तानुबाई तिथं भांड्याला लागली. साहेबाच्या बायकोची, म्हणजे मेमसाबची, बोटं संधिवातानं वाकडी झाली होती. पिंजऱ्याची कडी तिला उघडेना. पहिल्या महिन्यात तानुबाईनं नुसती कडी उघडून दिली. दुसऱ्या महिन्यात पिंजरा तीच धुवायला लागली. वर्षभरात पाखरं तिची झाली.

नर उजळ पिवळा, डोक्यावर बोट टेकवल्यासारखा काळा डाग. मादी फिकी, ताकात हळद पडावी तशी. नर छाती काढून गायचा आणि कोणी पाहत नसलं की जास्तच गायचा, म्हणून तानुबाईनं त्याचं नाव ठेवलं पाटील. मादी अर्थात पाटलीण. गाणं फक्त नराचं. मादी नुसती चुकचुक करते. पण घर चालवते ती. थंडी सरत आली की ती घरटं मागते. मग लाकडाच्या वाटीत तागाचे तंतू द्यायचे, तेही बोटभर कापून, नाहीतर पायात गुंततात. मादी रोज सकाळी एक अंडं घालते. ते चमच्यानं अलगद उचलून कापसात ठेवायचं आणि त्या जागी लाकडाचं खोटं अंडं ठेवायचं. असे तीन दिवस. चौथ्या दिवशी खोटी काढून चारही खरी एकदम तिच्या पोटाखाली. म्हणजे चौदाव्या दिवशी सगळी पिल्लं बरोबरीनं फुटतात. तसं नाही केलं तर पहिलं पिल्लू मोठं होऊन बसतं आणि शेवटचं त्याच्या पायाखाली जातं.

आणि पिल्लं फुटली की खाणं. राळा, खसखस, हिरवा पाला हे मोठ्यांचं. पिल्लांना लागतं उकडलेलं अंडं. बारीक कुस्करून, पावाच्या चुऱ्यात कालवून, दर दोन तासांनी ताजं. उरलेलं फेकायचं, कारण आंबलं तर पिल्लू संध्याकाळ बघत नाही. ते अंडं आईबाप खातात आणि चोचीतून पिल्लांना भरवतात. सहा वर्षांत तानुबाईच्या हातून तीस-पस्तीस पिल्लं वाढली. मेमसाब ती पेटीत घालून मुंबईला बहिणीकडं पाठवायची. जोडी मात्र तीच, तिथंच.

महाराष्ट्र झाल्याच्या दुसऱ्या वर्षी, डिसेंबरात, साहेबाची बदली झाली. तानुबाईनं आपल्या खोलीत पिंजरा टांगायला खुंटी ठोकून ठेवली. कोणी तिला शब्द दिला नव्हता. पण सहा वर्षं ज्यांची विष्ठा आपण काढली, ती पाखरं आपल्याला सोडून जातील कुठं, असं तिला वाटलं. कष्ट करणाऱ्याला नेहमी असंच वाटतं.

मेमसाबनं तिला दोन लुगडी दिली, एक स्टोव्ह दिला, गळ्यात पडून रडलीसुद्धा. आणि पिंजरा दिला लक्ष्मीकांतरावांना. लक्ष्मीकांतराव साहेबाच्या कचेरीत हेडक्लार्क. बदलीचे कागद, सामानाची यादी, सगळं त्यांनी केलं होतं, आणि त्यांनी पिंजरा तोंडानं मागितला होता. तानुबाईनं मागितला नव्हता. मागायचं असतं, हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं. जीप राजूर घाट उतरून मलकापूरच्या गाडीला गेली, आणि पाटील-पाटलीण टांग्यातून ब्राह्मणगल्लीत गेली.

त्या दिवशी तिला जे झालं ते सवत आली तेव्हासुद्धा झालं नव्हतं. छातीत कोणी राळ्याचं पोतं ठेवावं तसं. शेजारच्या सत्यभामाबाईनं, जिच्या कोंबड्या अख्ख्या आळीत फिरत, विचारलं, "काऊन वं तानू, नवरा मेल्यावानी कायले बसली?" तानुबाई म्हणाली, "नवरा मेला असता तं जेवली असती."

आठ दिवसांनी ती लक्ष्मीकांतरावांच्या मागच्या दारी जाऊन उभी राहिली आणि धुण्याभांड्याचं काम मागून घेतलं. दुसऱ्या घरी जास्त मिळत होतं, ते सोडून. लोकांनी मूर्खपणा म्हटला. लोकांना तिच्या कानांचं काय माहीत!

पण त्या घरात तिची हद्द मोरीपर्यंत. पिंजरा माजघरात टांगलेला, देवघराच्या शेजारी. तिकडं बाहेरच्या बाईनं जायचं नाही. लक्ष्मीकांतरावांच्या बायकोनं, शारदाबाईनं, हे काही उर्मटपणानं सांगितलं नाही. 'तिकडं नको हं तानुबाई' एवढंच म्हणाली, जसं पाण्याचा नळ घट्ट बंद कर म्हणावं. गोड बोलून मारलेली रेघ ओलांडायला जास्त जड जाते. तानुबाई मोरीत बसून भांडी घासायची आणि आतून पाटील गायचा. त्याची लांब तान, मध्ये घेतलेला श्वास, शेवटी घुंगरू ओतल्यासारखी उतरण. तिच्या हातातला तांब्या तसाच राहायचा.

त्याचं नावही बदललं होतं. आता तो गंधर्व. ती मेनका. तानुबाईला हसूही आलं आणि रागही. पाटलाला गंधर्व म्हटलं म्हणून काय तो सोवळं नेसणार होता?

बोटं मोडायला कारणं रोज मिळत. शारदाबाई पाणी बदलायची ते दुपारी, सकाळी नाही. समुद्रफेस घासायला ठेवलाच नव्हता, चोच वाढली असेल. डाळिंबाचे दाणे देत होती, लाडानं. तानुबाई प्रत्येक चूक मनात घोळवायची आणि प्रत्येक चुकीनं तिला बरं वाटायचं. मग पाटील गायला लागायचा, पहिल्यासारखाच, उलट जरा जास्तच. आणि ते बरं वाटणं नासून जायचं. एवढ्या चुका होऊनही गातो म्हणजे काय? निमकहराम.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गल्लीतल्या बायका आल्या. तानुबाई मागं कपबशा विसळत होती. आतून शारदाबाईचा आवाज आला, "माझ्या पाखरांना गर्दी सोसत नाही हो, जरा लांबून बघा." माझ्या पाखरांना. तेवढ्यात एक बशी तानुबाईच्या हातून फुटली. शारदाबाई बाहेर आली आणि म्हणाली, असू दे, बशीच आहे. ह्या बाईला रागावतासुद्धा येत नव्हतं. तिच्यावर जळायचं तरी कसं नीट?

फेब्रुवारीत मादीनं कागद फाडायला सुरुवात केली. शारदाबाई मोरीच्या दाराशी येऊन उकिडवी बसली आणि विचारू लागली, आता काय करायचं? घरटं कशाचं? पिल्लांना काय घालायचं?

तानुबाईनं घरट्याचं सांगितलं. तागाचं सांगितलं. पिल्लांना राळा भिजवून द्या, कोथिंबीर द्या, असं सांगितलं. तिथं ती थांबली. लाकडाची अंडी तिच्या खोलीत, पत्र्याच्या पेटीत, चिंधीत बांधलेली होती. उकडलेल्या अंड्याचा शब्द तिच्या जिभेवर होता. ज्या घरात कांदासुद्धा चतुर्थी-एकादशी बघून शिजतो तिथं अंड्याचं नाव काढायची तिला भीती नव्हती; भीती हा प्रकार तिच्याकडं नव्हताच. तिनं शब्द गिळला तो वेगळ्या कारणानं. सवतीला तिनं म्हैस पान्हवायची युक्ती दिली होती. ही युक्ती ती देणार नव्हती.

चार अंडी, चार पिल्लं, चार दिवसांत एकामागून एक. पहिलं पिल्लू लक्ष्मीकांतरावांनी कचेरीतल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं. चौथं फुटलं त्याच दिवशी चिरडलं. उरलेल्या तिघांची पोटं राळ्यानं भरेनात. माना काठीसारख्या, चोची उघड्या. नवव्या दिवशी एकही उरलं नाही.

शारदाबाई मागच्या पडवीत आली. पळसाच्या पानावर ती चार होती, पहिलं मेलेलंही तिनं टाकलेलं नव्हतं. पान पुढं करून एवढंच म्हणाली, "हे तेवढं टाकून ये." आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

त्या घरात तानुबाईला पाखरांना हात लावायला पहिल्यांदा मिळालं ते असं. पान वजनाचं नव्हतंच. तिनं ती उकिरड्यावर टाकली नाहीत. कढीपत्त्याच्या झाडाखाली बोटानं खड्डा करून पुरली. तिच्या मनासारखं झालं होतं. आतून शारदाबाईचे हुंदके येत होते, आणि तानुबाईला त्या हुंदक्यांचासुद्धा हेवा वाटला. रडायचा मान तिचा. आपल्या वाट्याला फक्त माती उकरणं. आपण हे कोण झालो, असं तिला एकदा वाटून गेलं. मग तिनं हात धुतले आणि राहिलेली भांडी घासली.

मार्च उलटता उलटता मादीनं पुन्हा कागद फाडले. एका सकाळी शारदाबाई मोरीशी आली. घरट्यात पहिलं अंडं दिसलं होतं. तिचे डोळे रात्र जागल्यासारखे दिसत होते. ती म्हणाली, ह्यांना सांगितलंय मी, आता ह्या वेळी पिल्लं मेली तर पिंजऱ्याचं दार उघडून दोघांना सोडून देणार. माझ्या डोळ्यांसमोर पुन्हा ते नको.

तानुबाईच्या हातातली राख खाली पडली. पिंजऱ्यातली पाखरं. बाहेर सोडली तर झाडावरसुद्धा पोचणार नाहीत. कावळे कौलावर बसलेलेच असतात. पाटील एक सकाळ जगला तर खूप.

ती उठली, हात तसेच पदराला पुसत घरी गेली आणि परत आली ती चिंधी घेऊन. मोरीच्या उंबऱ्यावर तिनं चिंधी सोडली. लाकडाची चार अंडी, वापरून गुळगुळीत झालेली.

"आजचं अंडं काढा अन् त्या जागी हे ठेवा," ती म्हणाली आणि बाकीची रीत तिनं सांगून टाकली. उकडलेल्या अंड्यासकट.

शारदाबाईनं एक अंडं तळहातावर घेतलं. "ही कुठून आणलीस?"

"मेमसाबची हायेत. माह्याजवळच व्हती."

"मागच्या वेळीसुद्धा?"

"हाव."

"आणि पिल्लांना काय लागतं, हेही माहीत होतं तुला."

"व्हतं."

शारदाबाई उंबऱ्यावरच बसली. "चार जीव होते, तानुबाई."

"मले नका सांगू किती व्हते. म्याच पुरले त्याईले."

"मग बोलली का नाहीस?"

तानुबाईनं पहिल्यांदा तिच्याकडं सरळ पाहिलं. "सहा वर्सं माह्या हातावर वाढलेली पाखरं हायेत ते. तुमी मले त्याईचं तोंड पाहू देलं नाई. मोरीत बसून गाणं आयकवलं. मंग मी काऊन तोंड उघडू?"

तिचं खरं होतं. आणि तरी चार पिल्लं मेली होती, हेही खरं होतं. ही दोन्ही खरी एकमेकांना खोडत नाहीत. त्या दोघी बायका तिथं बसून होत्या त्या त्याचमुळं. शारदाबाईनं तिला कामावरून काढलं असतं तर गल्लीत कोणी नावं ठेवली नसती. तानुबाई त्याच तयारीत होती.

शारदाबाई शेवटी उठली आणि म्हणाली, पिंजरा मागच्या पडवीत आणते, म्हणजे उकडलेलं अंडं आत यायला नको. तानुबाई म्हणाली, मादीनं घरटं मांडलंय, आता पिंजरा हलवला तर ती अंड्यावर बसायची नाही. म्हणजे एक तर अंडं देवघरावरून जाणार, नाहीतर पिल्लं जाणार. दोन्हीतलं एक. शारदाबाई आत गेली. देवघराचा पडदा ओढल्याचा आवाज आला. ती परत आली आणि तिनं आतलं दार पूर्ण उघडलं.

"ये," ती म्हणाली. "पाय धुऊन ये."

तानुबाई हलली नाही. कच्च्या गुरूची चेली नव्हतीच ती. "येतो. पण पिल्लं उडाली का जुनी जोडी माही. पिल्लं तुमाले."

"दोघंही?"

"दोघंई. पाटील अन् पाटलीण."

शारदाबाईला ही नावं त्या दिवशी कळली. तिनं माजघरातल्या पिंजऱ्याकडं एकदा वळून पाहिलं. मग हो म्हणाली.

त्यानंतर सतरा-अठरा दिवसांनी पिल्लं फुटली, चारही एका दुपारी. सत्यभामाबाईच्या कोंबड्यांची अंडी पदराखाली झाकून दिवसातून पाच वेळा देवघरावरून माजघरात जाऊ लागली. देव काही घर सोडून गेले नाहीत. लक्ष्मीकांतरावांनी एकदा जेवताना नाक उचलून विचारलं, वास कसला? शारदाबाई म्हणाली, औषधाचा. त्यांनी पिंजऱ्याकडं पाहिलं, तिथं चार लाल चोची आभाळाएवढ्या उघडल्या होत्या. त्यांनी ताक मागितलं आणि पुन्हा कधी विचारलं नाही. कायदा मोडताना बघायचं नसतं, हे सरकारी माणसाला शिकवावं लागत नाही.

एक पिल्लू गेलं, तीन वाढली. ह्या दिवसांत दोघी शेजारी बसत, आणि तानुबाईला पिल्लांचं सुख पुरतं झालं असं म्हणवत नाही. शारदाबाई फार लवकर शिकत होती. कुस्करा किती ओला, किती कोरडा, हे चार दिवसांत तिच्या बोटांना कळलं. तानुबाईला त्याला वर्ष लागलं होतं. शारदाबाईच्या चाहुलीनं पिल्लं माना वर करायची आणि तानुबाई मुद्दाम जोरात खाकरायची, आपल्यालाही करतात का ते बघायला. करायची. पण कोणासाठी किती वेळा, हे ती मोजत होती.

मे संपता संपता पिल्लं स्वतः दाणे सोलू लागली. शब्द पाळायची वेळ आली तेव्हा लक्ष्मीकांतराव बिथरले. रविवारी सकाळी मित्र त्यांच्याकडं गाणं ऐकायला येत. पिल्लांतलं कोणतं गाईल, गाईल की नाही, कोणाला माहीत! भांडीवाल्या बाईला दिलेला शब्द म्हणजे काय दस्तऐवज आहे का, असं ते म्हणाले. शारदाबाईनं त्यांच्याशी वाद घातला नाही. ती आत गेली, पिल्लं दुसऱ्या पिंजऱ्यात काढली, जोडीच्या पिंजऱ्यावर पातळ धोतर टाकलं, आणि तो स्वतःच्या हातात घेऊन, भर सकाळी, दहा घरांच्या ओट्यांवरून, तानुबाईच्या खोलीपर्यंत चालत गेली. बायका बघत होत्या.

खुंटीवर पिंजरा टांगला गेला. तानुबाईला वाटलं होतं, आता पाटील अशी तान घेईल की टेकडीवर ऐकू जाईल. पाटलानं तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी नाही. आठव्या दिवशी नाही. पिसं झडू लागली, फुगून बसू लागला. तानुबाईला पक्कं माहीत होतं की वीण संपली की नर पिसं टाकतो आणि महिना-दीड महिना गात नाही. सहा उन्हाळे तिनं ते पाहिलं होतं. माहीत असून ती सकाळी उठून म्हणायची, हा तिच्यासाठी झुरून राह्यला. माजघर पाहिजे त्याले, डाळिंब पाहिजे. सत्यभामाबाईनं सांगून पाहिलं, पाखराला कोण बामण अन् कोण कुणबी? तानुबाईला पटायचं आणि रात्रीपर्यंत पुन्हा पटेनासं व्हायचं. एके दिवशी तर तिनं बाजारातून डाळिंब आणलं. पाटलानं ते एकदा टोचलं आणि सोडून दिलं.

तिसऱ्या आठवड्यात शारदाबाई आली, हातात पालकाची जुडी. दारातच थांबली, आत येऊ का म्हणून. कामाला रोज जात असूनही तानुबाईनं तिला आपल्या घरी कधी बोलावलं नव्हतं. शारदाबाई पिंजऱ्याजवळ गेली, जिभेनं चुकचुक केली, नाव घेऊन हाक मारली. आणि हाक मारली ती 'पाटील' म्हणून.

तानुबाई भिंतीला टेकून उभी होती. आता गाईल. आता हिच्यासाठी गाईल, आणि मग आपल्याला हा पिंजरा परत नेऊन द्यावा लागेल, कारण त्या तानेनंतर तो ह्या खोलीत ठेवायला आपलं तोंड उरणार नाही.

पाटलानं शारदाबाईकडं एका डोळ्यानं पाहिलं, मग दुसऱ्या डोळ्यानं. पंख झटकला, एक पिवळं पीस जाळीतून खाली आलं. मग पाठ फिरवून वाटीतला राळा टिपायला लागला.

शारदाबाईचा चेहरा एवढासा झाला. "विसरला वाटतं मला," ती म्हणाली.

"पिसं टाकून राह्यला तो," तानुबाई म्हणाली. "एवढ्यात कोणासाठीच गात नसते." एवढं बोलून तिनं मेमसाबचा स्टोव्ह ओढला, पंप मारला, आणि चहाचं आधण ठेवलं. "बसा," ती म्हणाली. "तिथं नाई. इकडं, पिंजऱ्याजवळ."